माती न झटकता

मी हे लिहावं की नाही, ते अजून नीट ठरलेलं नाही. असे लेख लिहिणाऱ्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं. माझं मराठी ग्वाल्हेरच्या घरातलं, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी होणारं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि शिकतो ते शेतीचं. प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं. पण माघ लागला आहे. मागच्या पट्टीतली हळदीची पानं पिवळी पडून आडवी झाली, आणि परवा हळद काढली. आणि ही हळद काढताना ज्या दोघींनी शेजारी बसायला हवं होतं, त्या दोघीही आता नाहीत. कुणाला तरी सांगावंसं वाटतं, म्हणून लिहितो.

आमचं घर खासगी बाजाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, मग मोरी, आणि मोरीच्या पलीकडे भिंतीला लागून एक चिंचोळी पट्टी. तिला बाग म्हणता येणार नाही. दोन बायका तिथे बसल्या की गुडघ्याला गुडघे लागतात. त्या पट्टीत आमच्या घराची हळद आहे. आमचे कुणी पूर्वज फौजेबरोबर दख्खनहून इकडे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईने पदराच्या गाठीत हळदीचं बेणं, म्हणजे लावणीचा गड्डा, बांधून आणलं, असं सांगतात. खरंखोटं कुणाला माहीत. फौज गेली, नोकऱ्या गेल्या, बाबा आता बाड्याच्या चौकातून स्टेशनपर्यंत टेम्पो चालवतात. हळद मात्र राहिली.

आणि एक रीत राहिली. घरातली मुलगी सासरी निघाली की तिच्या अंगाला याच पट्टीतली ओली हळद लागायची, आणि जाताना तिच्या ओटीत एक बेणं द्यायचं. ते धुवायचं नाही. त्याची माती झटकायची नाही. का, ते कुणी सांगत नसे. मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला काय माहीत रे. नवीन घरात एकदम एकटं वाटू नये म्हणून असेल."

आई साड्यांना फॉल लावायची. काढणीच्या दिवसांत ती पांढऱ्या आणि फिक्या साड्या घरी आणत नसे, कारण तिची बोटं आठवडाभर पिवळी राहत. दुकानवाल्याला ते ठाऊक होतं. माघ आला की तो स्वतःच म्हणे, "भाभी, अब तो आप लाल-हरी ही ले जाओगी." थंडीच्या सकाळी भिंतीवरून ऊन हळूहळू खाली येई. ते पट्टीला टेकलं की आई खुरपं घेऊन बसायची. गड्डा वर आला की आधी वास यायचा, ओला, थोडा औषधासारखा, नाकात राहणारा. मी गड्डा उचलून आपटायला गेलो की ती हात धरायची. "हळू. बेण्याचे बाजूला ठेव. त्यांना झटकू नकोस." शेजारच्या गच्चीवरून कुणाच्या तरी गजक, म्हणजे तीळगुळाची वडी, कुटण्याचा आवाज येत असे. आजही तो आवाज आला की माझ्या तोंडाला तिळाची चव येत नाही, नाकात हळदीचा वास येतो.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्याच्या आदल्या माघात आई खाटेवर होती. तिच्या फुफ्फुसांचं दुखणं लांबलं होतं. बाबांनी खाट मोरीच्या दाराशी ओढली, म्हणजे तिला पट्टी दिसेल. काढणी मी आणि ताईने केली. आई खोकत खोकत सूचना देत होती आणि मधेच हसत होती, कारण ताईने सलवारीला हात पुसले होते. "ती सलवार गेली आता," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी तुझ्याच अंगाला लागायची, तर आधीच लावून घेतलीस." ताईचं लग्न तेव्हा सागर शहरात ठरत आलं होतं. फाल्गुनात आई गेली.

आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण, डबऱ्याच्या पुढच्या एका खेड्यातून आली आणि तिने घर हातात घेतलं. मी तिला रडताना पाहिलं ते काम करतानाच, कधी बसून नाही. सुतक फिटल्यावर तिने माठ बदलले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतींना चुना दिला. आईच्या आजारात तिची थुंकदाणी, कपड्यांचं पाणी, उरलेली औषधं, सगळं त्या पट्टीत ओतलं जात होतं. आत्याला त्याची धास्ती बसली. "मुलं तिथे हात घालतात, दादा," ती बाबांना म्हणाली. आत्या मोठी असूनही बाबांना दादाच म्हणायची. "माझ्या एका माणसाला घेऊन गेलं ते दुखणं. आता दुसरं नाही." तिने मजूर लावून पट्टी गुडघाभर खणून घेतली आणि ती काळी माती हातगाडीने पाठवून दिली. तिच्या जागी कुठेतरी इमारतीचा पाया खणत होते, तिथली पिवळी, स्वच्छ माती भरली. साठवलेलं बेणं तिने परातीत घेऊन ब्रशने घासलं. प्रत्येक गड्डा वेगळा. घासत होती आणि डोळे दंडाला पुसत होती. मग आईच्या एका जुन्या साडीवर ते सुकायला ठेवले. इतके लख्ख झाले होते की सराफ्यात मांडावेत. आम्ही सगळे तिथेच होतो. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ज्येष्ठात बाबांनी लावण केली, दर वर्षीसारखी. कोंब आले, पण आले आणि थांबले. पानं अरुंद, कडांना जांभळट. पाऊस पडला की पाणी वर साचून राही आणि उघडीप मिळाली की जमीन फरशीसारखी वाजे. बाबा कुणाला तरी विचारून डीएपी खत घेऊन आले आणि ओंजळीने टाकलं. त्यांना वाटलं, बायको गेली म्हणून झाडांचं खाणंपिणं राहिलं असेल. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही. ते खरंच तसं म्हणाले.

आमच्या कॉलेजात त्या आश्विनात मुळांचं प्रॅक्टिकल होतं. मुळांचे बारीक तुकडे कॉस्टिक सोड्यात उकळायचे, म्हणजे ते काचेसारखे होतात. मग सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणि फाउंटन पेनची निळी शाई. मुळाच्या आत एक बुरशी राहत असेल तर ती निळी दिसते. पुस्तकात तिला मायकोरायझा म्हणतात. ती झाडाला खात नाही. तिचे धागे मुळांपेक्षा कितीतरी लांब जातात, मातीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणि पाणी झाडाला आणून देतात, आणि झाड तिला आपली साखर देतं. सरांनी घरून कोणतंही मूळ आणा असं सांगितलं होतं. मी हळदीचं नेलं.

बाकीच्यांच्या मुळांत निळं होतं. कुणी मक्याचं आणलं होतं, कुणी कांद्याचं. एकेका पेशीत इवलंसं झाड काढावं तशी नक्षी. माझ्या काचेवर काही नव्हतं. स्वच्छ, रिकाम्या खोल्या एकापुढे एक. मी पुन्हा शाई घातली, पुन्हा पाहिलं. शेजारचा मुलगा म्हणाला, "तेरी हल्दी तो एकदम अनाथ है यार." त्याला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. मी हसलो.

नंतर वाचत गेलो तसं एकेक कळत गेलं. पायाची माती खोलवरची असते. तिने कधी मूळ पाहिलेलं नसतं, म्हणून तिच्यात ही बुरशी नसल्यातच जमा. घट्ट बसलेल्या, पाणी धरून राहणाऱ्या मातीत धाग्यांना श्वास मिळत नाही. डीएपीसारखं स्फुरदाचं खत फार झालं की मूळच बुरशीला दार उघडत नाही, कारण त्याला गरज वाटत नाही. नांगराने धागे तुटतात. आणि जिथे कायम मोहरी असते तिथेही ही बुरशी उपाशी मरते, कारण मोहरीची मुळं तिला आत घेतच नाहीत. हे वाचताना मला आमच्याभोवतीची सगळी शेतं आठवली. ग्वाल्हेरहून कुठेही निघा, थंडीत बसच्या दोन्ही खिडक्या पिवळ्या असतात. लोक त्यांचे फोटो काढतात.

आणि मग रीत कळली. बेण्याला चिकटलेली ती चिमूटभर माती. तिच्यातूनच धागे एका घरातून दुसऱ्या घरात जात होते. एकटं वाटू नये म्हणून, असं आई म्हणाली होती, ती काही फार चुकली नव्हती.

आपण शिकलो तर घराला उपयोग होईल, असं मला शाळेपासून सांगितलेलं. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला पहिला उपयोग एवढाच, की आत्याने आम्हाला जपण्यासाठी जे केलं, तेच हळदीला मारत होतं हे मला दिसलं. हे मी कुणाला सांगणार होतो. बाबांना सांगितलं असतं तर ते बहिणीवर बोलले नसते, पण जेवताना गप्प झाले असते. मी ते मनातच ठेवलं आणि घरी आलो की पट्टीकडे जाणं टाळू लागलो.

आत्या भाऊबीजेला आली. ओवाळून झालं, आणि ती मागे जाऊन पट्टीच्या कडेला बसली. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो.

"खुरटलीय रे," ती म्हणाली. "तू शिकतोस ना हेच. काय झालंय तिला?"

"बुरशी नाही तिच्यात."

आतून बाबा ओरडले, "बुरशीच शिकायची होती तर एवढी फी कशाला भरली? डब्यातली पोळी दाखवली असती."

आत्या हसली नाही. "नीट सांग," म्हणाली.

मग मी सांगितलं. अडखळत, नावं न घेता, आमच्या पट्टीबद्दल नाहीच अशा रीतीने. धागे कसे असतात, कुठे राहतात, कशाने तुटतात. ती मधे मधे विचारत होती. "म्हणजे नांगरलेल्या शेतात नसतात?" मी म्हटलं, असतात, पण तुटके, थोडे. "आमच्या मोहरीत?" मी म्हटलं, मोहरी कुणाशी बोलत नाही, आत्या. तिच्याखाली ते राहत नाहीत. "आणि जिथे कुणी हात लावत नाही तिथे?" तिथे असतात, मी म्हटलं. गवताच्या मुळांत वगैरे. आजवर माझं कॉलेजातलं काही घरात इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. मला बरं वाटत होतं, आणि म्हणूनच कुठे थांबायचं ते कळलं नाही.

तिचा चहा तसाच राहिला. ती म्हणाली, "मग मी फेकलं ते हेच."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं की नव्हतं, अजूनही सांगता येत नाही.

तिने बोटांनी पिवळ्या मातीचा एक खडा चुरायला घेतला. तो चुरला जात नव्हता. मग अचानक तिचा चेहरा बदलला. "अरे, पण माझ्याकडे आहे ना," ती म्हणाली. "माझ्या लग्नात दिलेलं बेणं. याच पट्टीतलं, माती न झटकता. मागच्या अंगणात पडलंय माजून. मी आणते तुला तिथली माती. तुझ्या आईचीच ती, दुसऱ्या कुणाची?"

माघात काढणी झाली तेव्हा गड्डे करंगळीएवढे निघाले. ताईने ते सुपात घेतले आणि बोटाने इकडून तिकडे केले. रीतीप्रमाणे तिच्यासाठी ते वाळूत पुरून ठेवले. वैशाखात लग्न झालं तेव्हा बाजारची हळद मिसळावी लागली. बायका बोलल्या नाहीत, पण वाटी बदलताना सगळ्यांना दिसलं. पाठवणीच्या वेळी एका काकूने ओटीत घालायला बेणं आणलं, तर ताईने हात मागे घेतला. भाऊबीजेचं माझं आणि आत्याचं बोलणं तिने आतून ऐकलं होतं.

"हे घासलेल्या बेण्याचं आहे," ती म्हणाली. "मला नको. आपली माती परत आली की दे, अक्कू. मी थांबते ना." मग हिंदीत, जसं आम्ही रडू येऊ नये म्हणून बोलतो, "कहीं भागी थोडी जा रही हूँ."

आत्याने त्याच लग्नात मला कोपऱ्यात बोलावून कापडी पिशवी दिली होती. मोटारसायकलवर मुलाच्या मागे बसून ती मांडीवर धरून आणलेली. काळसर माती, आत वाळक्या गवताची मुळं गुंतलेली. मला वाटलं, आत्याचं मागचं अंगण फारच रानटी झालं असेल. मी पट्टीत शेणखत, पालापाचोळा घालून जमीन भुसभुशीत केली, बाबांचं डीएपी माळ्यावर टाकलं, आणि प्रत्येक बेण्याखाली पिशवीतली एक मूठ ठेवली. बाबा म्हणाले, "नैवेद्य दाखवल्यासारखं काय करतोस." पण शेवटची मूठ त्यांनी स्वतः ठेवली.

या आश्विनात मी पुन्हा मुळं नेली. काचेवर निळी झाडं होती. एकाला लागून एक, खोल्या भरून. मी मायक्रोस्कोपवर फोन धरून फोटो काढला, तो हलला, पुन्हा काढला. ताईला पाठवला. तिने लिहिलं, "ये आई है क्या?"

भाऊबीजेला आत्या आली तेव्हा थकलेली होती. पाय सुजले होते, ओवाळताना एक हात भिंतीला होता. मी तिला फोटो दाखवला.

"हे तुझ्या मातीतलं, आत्या. आपलंच."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "लागलं म्हणजे," ती म्हणाली.

"लागलं. पानं बघ ना."

"ताईला देशील?"

"माघात."

"आणि हे त्याच... आपल्याच मातीतलं, असं दिसतं का यात? कळतं?"

"तसं नाही कळत," मी म्हटलं. "पण दुसरीकडून कुठून येणार?"

तिने फोन परत दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला ते कौतुक वाटलं. पौषात ती गेली. झोपेत, खेड्यातल्या घरी. मी, बाबा आणि ताई धुक्यातून गेलो. बसच्या खिडक्या दोन्हीकडून पिवळ्या होत्या. त्यांच्या घरी माणसं इतकी होती की मागच्या अंगणाकडे माझं लक्षच गेलं नाही.

परवा काढणी केली. ताई आली होती. गड्डे पंजाएवढे, एकमेकांत अडकलेले. पट्टीत एकावेळी दोघंच बसू शकतात, म्हणून मी आणि ताई बसलो आणि बाबा मोरीच्या दारात उभे राहिले, जिथे खाट असायची. एक गड्डा ताईने मातीसकट उचलला, झटकला नाही, आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेतला. काल सकाळी बाबांनी तिला टेम्पोने बसस्टँडवर सोडलं. ते सांगत होते, गाठोडं पायाशी ठेव म्हटलं तर ऐकलं नाही, सागरपर्यंत मांडीवरच नेणार म्हणाली.

मग मला वाटलं, आत्याच्या घरीही एक बेणं द्यावं. तिच्याच मातीतलं, तिच्याकडे परत. संध्याकाळी मी संजूदादाला, आत्याच्या मुलाला, फोन केला आणि तसं सांगितलं.

"कुठली माती?" तो म्हणाला.

"आत्याच्या बेण्याची. तुमच्या मागच्या अंगणातली."

"मागे अंगण कुठे आहे रे. मी लहान होतो तेव्हाच आजीने तिथे गोठा बांधला, खाली पक्की फरशी. आईचं बेणं तेव्हाच गेलं. खूप रडली होती म्हणे. पुढे नावच नाही काढलं तिने."

मी विचारलं, मग ती पिशवी कुठून आली?

"अरे, वो तो रस्त्यात भरली," तो म्हणाला. "लग्नाला येत होतो ना आम्ही, तेव्हा मला गाडी थांबवायला लावली. मोहरी निघून गेलेली, शेतं सगळी नांगरून पडलेली. मी म्हटलं, माती हवी तर इथली घे, मऊ आहे. तर नाही म्हणाली. बांधावर चढली, ऐन उन्हात, ते पाय घेऊन. गवतात बसून खुरप्याने खणायला लागली. म्हणे, खाली मोहरी होती, अक्कू म्हणतो ती कुणाशी बोलत नाही. बांधाला कधी नांगर लागलेला नाही, इथे असतील ते. मला तर काही समजलं नाही."

मी फोन घेऊन मोरीच्या दारात आलो. त्याला वाटलं फोन कटला. तो दोनदा हॅलो म्हणाला.

"आहेस ना? मी तुला सांगितलं म्हणून कुणाला बोलू नकोस हं," तो म्हणाला. "मला बजावलं होतं तिने. म्हणाली, त्याला सांगू नको. त्याला ती आईचीच वाटू दे."